पूर्ण नाव

नाव विचारेपर्यंत सगळं छान चाललं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, पंखा वाढवला, आत चहा सांगितला. मी गुडघा धरून बसले तशी त्यांनी स्वतः उठून मला उंच खुर्ची आणून दिली. आमच्या ह्यांनी आपली सरकारी नोकरी सांगितली, पेन्शन सांगितली, लेक गुडगावला कंपनीत आहे तेही सांगितलं. बाई प्रत्येक वाक्याला “बिल्कुल, बिल्कुल” करत होत्या. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “आपका पूरा नाम?”

खाली गेटपाशी दलालाने ह्यांना दोनदा बजावलं होतं, साहेब, वर गेल्यावर फक्त गायकवाड सांगा. पण मराठी माणसाला पूर्ण नाव विचारलं की तो शाळेत हजेरीला उभा राहिल्यासारखा बापासकट सांगतो. हे ताठ बसले आणि म्हणाले, “वाल्मीक तुळशीराम गायकवाड.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्या मराठवाड्यात चार घरांआड एक वाल्मीक सापडतो. सगळ्या जातींत सापडतो, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीला दिले, पण स्वतःच्या आईपुढे त्यांचं काही चाललं नाही. तिला पोथीतला वाल्मीक आवडायचा, म्हणून नातू वाल्मीक. बस्स, एवढीच त्या नावाची गोष्ट. पण हे नाव घेऊन माणूस दिल्लीत नोकरीला आला, आणि दिल्लीत वाल्मीकी म्हणजे झाडूचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधलंय तो समाज. इथे हे नाव नुसतं नाव राहत नाही.

ह्यांना ते पहिल्याच वर्षी कळलं. मंत्रालयात ह्यांच्या टेबलावर नावाची पाटी लागली, आणि दुसऱ्या दिवशी झाडू मारणारा दिलीप पाटीशी थबकला. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाला, “साहब, आप अपने हैं?”

हे म्हणाले, “हां भाई, अपने ही हैं.”

घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, त्याला काय वाटलं असेल? तर म्हणे, “वाटू दे की. मी काय खोटं बोललो? आपलेच नाहीत तर कुणाचे आहेत?” भिंतीवर ज्यांचा फोटो लावून आम्ही सकाळी हात जोडतो, त्यांनीही दुसरं काही सांगितलं नसतं.

मग ते चालूच राहिलं. दरवर्षी शरदातल्या पुनवेला त्यांच्या वस्तीत वाल्मीकींचा प्रकट दिवस असतो. दिलीप यायचा, ह्यांना घेऊन जायचा. हे तिथे मांडी घालून बसायचे, पुरी-हलवा खायचे, गळ्यात झेंडूची माळ घालून घरी यायचे. मी चिडवायची, आले नवरदेव. हळूहळू दिलीप घरचाच झाला. मी कामावर लायब्ररीच्या शिडीवरून पडले तेव्हा हे टूरवर होते. दिलीप आणि त्याच्या बायकोने मला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, आणि ती माउली दोन रात्री माझ्या खाटेखाली झोपली. गुडघा तेव्हापासून गेला तो गेलाच.

आणि सगळं घोडं त्या गुडघ्याशीच अडलं होतं. हे रिटायर झाले, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली. माझी मात्र नोकरी अजून बाकी. मंडी हाऊसजवळ एका खासगी संस्थेची लायब्ररी आहे, तिथे मी. नोकरी सोडून चालणार नव्हतं. म्हणजे घर असं हवं की आमच्या ऐपतीत बसेल, आणि तिथून मला रोज ऑफिसला जाता येईल. लोकांना हे सोपं वाटतं. घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणते, बांधू नका, नुसतं दिल्लीत शोधून पाहा.

द्वारका म्हटलं की आमचा आकडा ऐकून दलाल नुसते हसायचे. मुनिरका जवळ होतं, पण तिथल्या खोल्यांत दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. ग्रेटर नोएडाला एकाने विसाव्या मजल्यावर नेऊन पोहण्याचा तलाव दाखवला. मेट्रो विचारली तर म्हणे आनेवाली है जी. येणारी मेट्रो माझ्या गुडघ्याला काय कामाची? तिथून निघताना शेअर ऑटोत पाचव्या बाईच्या मांडीवर बसल्यासारखी बसून आले, आणि रात्रभर गुडघा शेकत बसले. फरिदाबादला घर चांगलं, पण चौथा मजला आणि लिफ्ट नाही. बहादूरगढला लिफ्ट होती, पण सकाळचा सगळा वेळ गाडीतच जाणार. आमची लेक श्रावस्ती रोज मोबाइलवर नवं काहीतरी शोधून पाठवायची, आणि आम्ही दोघं म्हातारी तिच्या मागे उन्हातान्हात फिरायचो.

शेवटी वैशाली सापडलं. दिल्लीची हद्द ओलांडली की लगेच. जुनी सोसायटी, पहिला मजला, चालू असलेली लिफ्ट, बाल्कनीत गुलमोहर. स्टेशन पायी जाण्यासारखं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गाडी तिथूनच सुटते. रिकामी गाडी लागते, बसायला जागा मिळते, आणि मंडी हाऊसपर्यंत बदलावी लागत नाही. मी त्या घराच्या खोल्या नीट पाहिल्यासुद्धा नाहीत. स्टेशनवर जाऊन रिकाम्या डब्यात बसून आले आणि ह्यांना म्हटलं, हेच. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच दलालाला हो म्हणाले. मालक तयार होता. फक्त सोसायटीची एनओसी पाहिजे होती, आणि ती ह्या सेक्रेटरीबाईंच्या हातात.

तर ह्यांनी पूर्ण नाव सांगितलं, आणि बाईंचं “बिल्कुल” थांबलं.

त्या उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा चहा आला नाही. म्हणाल्या, तसं काही नाही, पण निर्णय कमिटीचा असतो, आणि आणखी एक पार्टी घर बघून गेलीय. मग बांगड्या मागे सारत, माझ्याकडे न बघता, ह्यांना म्हणाल्या, “बुरा मत मानिएगा, भाईसाहब. आप लोग वाल्मीकी समाज से हैं?”

मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. खरंच सांगते. हिचं घर नाही, दार नाही, पैसे आमचे, विकणारा तिसराच, आणि ही मध्ये बसून माणसाची जात चाळणार. मला वाटलं, आता हे बोलतील. ऑफिसात वरच्या साहेबालाही सोडलं नव्हतं ह्या माणसाने. फाइलवर चुकीची सही करायला सांगितली म्हणून एकदा डायरेक्टरसमोर पेन ठेवून निघून आलेला माणूस. मी पर्ससुद्धा उचलून हातात घेतली होती.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुडघा चोळत होते. मुद्दाम नाही, दुखतच होता.

“जी नहीं,” हे म्हणाले. “हम वो नहीं हैं.”

दारावर आलेल्याला माणूस पुढे जा म्हणतो ना, तसा आवाज होता तो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो ऐकला नव्हता.

बाईंचा जीव भांड्यात पडला. चहा आला, मठरी आली, काजू आले. महाराष्ट्रात असंही नाव असतं होय, म्हणून त्या मनापासून हसल्या. मग त्यांनी स्वतःच गायकवाड म्हणजे बडोद्याचे महाराज ना, असं काढलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत आम्हाला बडोद्याला नेऊन गादीवर बसवलं. हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चहा संपवला. कपात एक घोट ठेवायची ह्यांची सवय आहे, त्या दिवशी तोही संपवला.

परतताना आम्हाला बसायला जागा मिळाली. गाडी तिथूनच सुटते ना. मला घर मिळाल्याचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच मला चीड येत होती. हे खिडकीबाहेर बघत होते. यमुना ओलांडली तरी नजर बाहेरच. मला राहवेना. मी समजुतीने म्हटलं, “अहो, खोटं तर नाही ना बोललात. आपण नाहीच ते.”

“तेच तर,” हे म्हणाले. “खोटं असतं तर बरं झालं असतं.”

पुढे मंडी हाऊस आलं, माझं रोजचं स्टेशन. दार उघडलं, मिटलं, आम्ही पुढे गेलो.

संध्याकाळी श्रावस्तीचा फोन आला. ती खूश. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, “मम्मी, इसमें क्या है? पप्पा टेक्निकली बरोबरच बोलले ना. मिसअंडरस्टँडिंग क्लिअर केलं बस.” मी म्हटलं, हो बाई, क्लिअर केलं. तिला काय सांगणार. तिला लहानपणी प्रकट दिवसाला बाप खांद्यावर बसवून वस्तीत घेऊन जायचा, हलव्यासाठी रडायची. तिला तो हलवा आठवतो, वस्ती आठवत नाही. दिल्लीत वाढलेल्या पोरांचं असंच असतं, मराठी शब्द गळतात तसं बाकीचंही पुष्कळ गळतं.

एनओसी आठवड्यात आली. कागद झाले. दारावर लावायची पाटी करायला ह्यांनी लाजपत नगरच्या दुकानात टाकली. मी विचारलं काय लिहिलंत, तर म्हणाले, व्ही. टी. गायकवाड. म्हटलं, पूर्ण का नाही? म्हणाले, पाटी लहान आहे.

त्या दिवसापासून माणूस जरा वाकलाच. जेवायचे, पेपर वाचायचे, बांधाबांध करायचे, पण माझ्याशी बोलताना वाक्य अर्ध्यात सोडायचे. मी एकदा भांडूनही पाहिलं. म्हटलं, नको असेल ते घर तर मोडू या सौदा, मी राहते मुनिरकाच्या अंधारात. तर शांतपणे म्हणाले, “घर चांगलं आहे, रमा. तुला बसायला मिळेल.” यावर माणसाने भांडायचं तरी कसं?

सामान हलवायच्या दिवशी न बोलावता दिलीप आला. सोबत वस्तीतले आणखी दोघं. हे नको नको म्हणत असताना तिघांनी गोदरेजचं कपाट उतरवलं, फ्रिज उतरवला, बाबासाहेबांचा फोटो माझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून हातात धरून खाली आणला. टेम्पोवाल्याच्या माणसांना दिलीप हात लावू देईना. म्हणे, हट जाओ, अपने आदमी का सामान है. मी चहा दिला. ह्यांनी पाकिटाला हात घातला तर दिलीपने तो हात धरून परत खिशात घातला. दिलीपही आता पिकलाय, पुढच्या वर्षी तोही रिटायर होणार.

सगळं भरून झालं. दिलीपने दोरीची गाठ ओढून पाहिली, हात पुसले आणि मोबाइल काढला.

“साहब, लोकेशन भेज दो. गृहप्रवेश पे सब आएँगे. ढोल लेके.”

माझ्या डोळ्यांपुढे ते गेट आलं. ही माणसं ढोल घेऊन येणार, गार्डला विचारणार, हमारे वाल्मीक भाईसाहब किधर रहते हैं. आणि वरच्या बाल्कनीत सेक्रेटरीबाई. घर आमच्या नावावर झालं होतं. आता कुणी ते काढून घेणार नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. माझं मन ओरडत होतं, द्या ना, द्या एकदाचा पत्ता, काय व्हायचं ते होऊ दे.

हे दोरीकडे बघत होते. “बहुत दूर है, दिलीप,” म्हणाले. “उधर मेट्रो भी नहीं जाती.”

दिलीप मोबाइल हातात धरून उभा राहिला. मग त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम काळजीने भरला.

“तो फिर भाभीजी ड्यूटी पे कैसे जाएँगी?”

हे दोरीची गाठ पुन्हा ओढून बघू लागले. मी पर्समध्ये किल्ली शोधू लागले. दिलीपने खांद्यावरचा गमछा काढला, घडी घातली आणि टेम्पोच्या पुढच्या सीटवर ठेवला. माझा हात धरून मला सावकाश वर चढवलं, पाय नीट ठेवून दिला. म्हणाला, गुडघ्याखाली घ्या हे, झटके बसतील, लांबचा रस्ता आहे.

हे दुसऱ्या बाजूने चढून बसले. ड्रायव्हरने कुठे जायचं म्हणून विचारलं. दिलीप अजून माझ्या बाजूचं दार धरून उभा होता.

“तू चल तो,” हे म्हणाले. “आगे बताता हूँ.”