जहाज कुणासाठी थांबतं

जहाजाच्या पाचव्या मजल्यावर सहलींचं टेबल होतं आणि त्या टेबलासमोर भाऊजी सकाळपासून तिसऱ्यांदा उभे होते. हातात माहितीपत्रक, चेहऱ्यावर जमीन विकत घेणाऱ्या माणसाचं गांभीर्य.

"सतरा नंबर," ते म्हणाले. "दीपगृह दर्शन. एसी बस, गाइड, पाण्याची बाटली आणि फोटोसाठी बारा मिनिटं. आईंना दीपगृहच बघायचंय ना? झालं तर मग."

"फोटो कुठून?" फूटपट्टीने, त्यांच्या धाकट्या मेहुणीने, विचारलं.

"समोरच्या टेकडीवरून."

"म्हणजे दीपगृहापासून दोन किलोमीटर लांबून."

"अगं, सगळं मावायला फोटो लांबूनच काढावा लागतो."

फूटपट्टी यावर काही बोलली नाही. उत्तर देण्याच्या लायकीचं वाक्य असेल तरच उत्तर द्यायचं असा तिचा नियम होता, आणि त्या नियमामुळे बत्तीस वर्षांत तिचं भाऊजींशी फारसं बोलणं झालेलं नव्हतं.

तिचं हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ताईचे होणारे यजमान म्हणून ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा ही नऊ वर्षांची होती. दाराबाहेर काढलेले त्यांचे बूट तिने पट्टीने मोजले आणि 'डावा चार मिलिमीटर मोठा आहे' असं सगळ्यांदेखत जाहीर केलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या कार्यालयात लागली आणि समुद्राची पातळी दर सहा मिनिटांनी नोंदवणारी यंत्रं सांभाळू लागली. भाऊजींचं फरशांचं दुकान होतं. "आपण दोघं एकाच धंद्यात," ते म्हणायचे, "मी जमीन सपाट करतो, तू समुद्र." यालाही तिने कधी उत्तर दिलं नव्हतं.

जहाजाच्या सहलींविषयी तिचं मत हवेतलं नव्हतं. पहिल्या बंदरात ती धक्क्यावरच्या बाकावर बसली होती. छातीवर आकड्याचा स्टिकर लावलेली माणसं दोरीला बांधल्यासारखी एका बावट्यामागून बसमध्ये चढली. दुसऱ्या बंदरात ती स्वतःच एका बसमधून गेली आणि तिने घड्याळ लावलं. साडेतीन तासांच्या सहलीत प्रवाशांचे पाय एकूण एकतीस मिनिटं जमिनीला लागले. त्यातली एकोणीस मिनिटं दुकानात. उंटावरून शेळ्या हाकतात हे तिने ऐकलं होतं. शेळ्यांनीच त्यासाठी रांग लावलेली मात्र ती पहिल्यांदा पाहत होती.

"स्वतंत्र टॅक्सी करून जायचं," ती ताईला म्हणाली. "ओहोटीला दीपगृहापर्यंतची दगडी वाट उघडी पडते. पाहिजे तेवढी जवळ जाऊ शकते आई."

"आणि उशीर झाला तर?" भाऊजी मध्येच म्हणाले. "त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुझ्या टॅक्सीसाठी कोण थांबणार? चारला शिडी उचलतात. मग बसा धक्क्यावर, लाटा मोजत."

"उशीर होणार नाही."

"कशावरून?"

"मोजलंय."

ताई नेहमीप्रमाणे दोघांच्या मधल्या हवेकडे बघत होती. शेवटी कॉफीचा कप खाली ठेवून आईच बोलली. "मी धाकटीबरोबर जाते, जावईबापू. मला फोटो नकोय."

आईला काय हवंय ते फूटपट्टीला ठाऊक होतं, आणि फक्त आपल्यालाच ठाऊक आहे याचा तिला थोडा अभिमानही होता. आईचे वडील त्या दीपगृहाचे मुख्य रखवालदार होते. आईचं लहानपण त्या खडकावर गेलं. दिव्याचं भिंग फिरवणारं यंत्र वजनावर चालायचं, आणि दर चार तासांनी हँडल फिरवून ते वजन वर चढवावं लागायचं. आठ वर्षांच्या आईला पावसाचं पाणी साठवायचं टाकं किती खोल आहे हे बघायचं होतं. तिने ते लोखंडी हँडल दोरीला बांधून टाक्यात सोडलं. गाठ सुटली. आई गप्प बसली. हँडल हरवल्याबद्दल मदतनिसाला कामावरून काढलं, आणि काढलं ते आईच्या वडिलांनीच. अडुसष्ट वर्षं झाली. मदतनीस कधीच वारला, पण त्याचा मुलगा आता तिथलाच रखवालदार होता. फूटपट्टीने फोन लावून कोण येणार आहे ते सांगितलं, तेव्हा पलीकडून एका म्हाताऱ्या आवाजाने "या" एवढंच म्हणून फोन ठेवला होता.

तयारी तिने चोख केली. दगडी वाट सहाशे वीस मीटर. तीन दिवस तिने आईला जहाजाच्या डेकवर चालवलं आणि स्टॉपवॉच लावून वेग काढला: तेरा मिनिटं लागतील. माफी मागायला पंचवीस मिनिटं धरली. वाट दोन पन्नासपर्यंत उघडी. टॅक्सी जाताना पन्नास मिनिटं, येताना पन्नास. सगळं धरून दीड तास शिल्लक राहत होता. भाऊजी डेकवरच्या खुर्चीतून हे बघत होते. "आईंना शर्यतीत उतरवतेस की काय?" ते म्हणाले.

त्या दिवशी दुपारी बारा पन्नासला टॅक्सी वाटेच्या तोंडाशी पोहोचली, ठरल्याप्रमाणे. तिथून पुढे ठरल्याप्रमाणे काही झालं नाही.

जहाजाचा डेक लाकडी, कोरडा आणि सपाट होता. दगडी वाट यांपैकी काहीच नव्हती. दगडांवर हिरवं शेवाळ, मध्ये खड्डे, खड्ड्यांत पाणी. आई एक पाय टाकायची, तो घसरत नाही याची खात्री करायची, मगच दुसरा उचलायची. शेवटी तिने बूट काढून हातात घेतले. आयुष्यभर समुद्राची पातळी मोजणाऱ्या बाईला ओला दगड निसरडा असतो हे हिशेबात धरायचं सुचलं नव्हतं. एकोणतीस मिनिटं लागली. फूटपट्टी मनातल्या मनात स्वतःवर चरफडत राहिली. तिची तुच्छता स्वतःलाही सूट देत नसे, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

दीपगृहाच्या दारात रखवालदार उभा होता. सत्तरीचा, हाडकुळा, हातात पाना. 'या, बसा' वगैरे काही नाही.

आईने पाठ केलेलं सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. हँडल, टाकं, दोरीची गाठ. "तुमच्या वडिलांचा काही दोष नव्हता. मी घाबरले आणि गप्प बसले. मला माफ करा."

रखवालदाराने पाना फडक्याला पुसला. "किती वाजता निघायचंय?"

आई गोंधळली. फूटपट्टीने सांगितलं, "एक पन्नासला. म्हणजे वाट दोन पन्नासपर्यंत उघडी आहे, पण जहाज..."

"जहाज," तो म्हणाला. हा शब्द त्याने चपलेला चिकटलेलं काही झटकावं तसा उच्चारला. "अडुसष्ट वर्षांनी आलात, आणि आलात तेही परतीची वेळ ठरवून. मग ही सहलच झाली की. ते बसवाले टेकडीवरून बघून जातात, तुम्ही जवळून बघून चाललात. चांगलंय. बघा."

आणि तो आत निघून गेला.

हे वाक्य उत्तर देण्याच्या लायकीचं होतं. फूटपट्टीकडे उत्तर नव्हतं.

आई दाराच्या पायरीवर बसली. बूट शेजारी ठेवले, पदर सारखा केला.

"आई, चल. सांगून झालंय तुझं."

"माझं झालंय. त्यांचं व्हायचंय."

"मला काही सांगायचं नाही," आतून आवाज आला.

"मग ते न सांगून होईपर्यंत बसते," आई म्हणाली.

एक पन्नास झाले. दोन वाजले. आत पाना लोखंडावर आपटत होता. फूटपट्टी एकदा घड्याळाकडे बघे, एकदा वाटेकडे. पाणी परत फिरलं होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना ते कसं सावकाश, काही घाई नसल्यासारखं वर येतं हे ती रोज कागदावर बघत असे. फोनला रेंज नव्हती. दोनदा तिने आईच्या दंडाला हात लावला आणि दोनदा आईने तो बाजूला केला.

पावणेतीनला रखवालदार बाहेर आला आणि उभा राहिला, समुद्राकडे तोंड करून.

"नवं हँडल यायला तीन दिवस लागले," तो म्हणाला. "तीन रात्री भिंग बाबांनी हाताने फिरवलं. तीस सेकंदांत एक फेरा. चुकायला नको म्हणून मोठ्याने मोजायचे, एक ते तीस, एक ते तीस. चौथ्या दिवशी त्यांना काढलं. मग बंदरावर हमाली केली. पण मोजणं काही सुटलं नाही. झोपेतसुद्धा एक ते तीस. आम्ही भावंडं त्या आकड्यांवरच झोपायचो. दुसऱ्यांच्या घरात अंगाई असते म्हणे."

आई रडली नाही. रडली असती तर बहुतेक तो पुन्हा आत गेला असता. तिने फक्त विचारलं, "त्यांना कधी संशय आला? माझा?"

"विचारायची आमची हिंमत नव्हती. आणि तुम्ही मोठ्या साहेबांची मुलगी." तो थांबला. मग वेगळ्याच, जरा कुतूहलाच्या आवाजात म्हणाला, "मग? खोली किती भरली टाक्याची?"

"कळलं नाही. तळ लागायच्या आधीच गाठ सुटली."

"सव्वाचार मीटर. मागच्या वर्षी उपसलं."

"आणि हँडल?"

"गाळात काही नव्हतं."

मग त्याने पाना दाराआड ठेवला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "उठा. पाणी चढतंय. तुमच्या या मुलीला फक्त भरतीचा तक्ता कळतो, दगड कळत नाहीत."

आईला कोपराशी धरून त्याने वाट पार करून दिली. पाणी घोट्याला लागलं, मधल्या उतारावर नडगीपर्यंत आलं. सगळ्या वाटेत तो आईशी दोनच शब्द बोलत होता: "उजवा," आणि "डावा." माफ केलं असं म्हणाला नाही. पलीकडे पोहोचल्यावर मागे वळूनही न बघता पाण्यातून परत गेला.

टॅक्सी सुटायला तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. चार वाजले तेव्हा दोघी शहरातल्या एका सिग्नलला उभ्या होत्या. आई ओल्या पायांनी स्वस्थ बसून होती. आता लाटाच मोजायच्या, फूटपट्टीच्या मनात आलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते वाक्य भाऊजींचं होतं.

चार बावीसला टॅक्सी बंदरात वळली. जहाज तिथेच होतं. शिडी खाली होती. शिडीपाशी सतरा नंबरची रिकामी बस उभी होती. सहलीचे सगळे प्रवासी वर जाऊन कठड्याला टेकून ओरडत होते; भाषा सभ्य नव्हती. खाली एकच माणूस उरला होता. भाऊजी. जमिनीवर बसून त्यांनी आपली पिशवी उपडी केली होती आणि टोपी, गोळ्या, केळं, मोजे असं एकेक बाजूला ठेवत ते जहाजात शिरायचं कार्ड शोधत होते. एक अधिकारी कमरेवर हात ठेवून त्यांच्या डोक्यावर उभा होता. ताई शिडीच्या पहिल्या पायरीवर उभी राहून मधल्या हवेकडे बघत होती.

कार्ड भाऊजींच्या शर्टाच्या खिशात होतं. शर्ट पातळ होता. कार्डावरचा फोटोसुद्धा बाहेरून दिसत होता.

टॅक्सीचं दार उघडलं. भाऊजींनी मान वर केली, आईंना बघितलं, खिसा चाचपला आणि म्हणाले, "अरेच्चा! काखेत कळसा!"

शिडी चढताना फूटपट्टीने विचारलं, "बसला उशीर का झाला?"

"पोट बिघडलं माझं. त्या दुकानात. चाळीस मिनिटं संडासात बसलो. गाइड दारावर धडका देत होता बिचारा. पेपर मात्र पूर्ण वाचून झाला."

"तुम्हाला कसं कळलं आम्हाला उशीर होणार?"

"आईंना बत्तीस वर्षं बघतोय मी. पंचवीस मिनिटांत त्यांची मेथी निवडून होत नाही, माफी काय मागून होणार!"

ती थबकली. "माफीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. सात वर्षं झाली की." भाऊजी धापा टाकत होते. "चल वर. लोक मारतील मला."

मारलं नाही, पण जेवणाच्या वेळी शेजारच्या दोन्ही टेबलांवरच्या माणसांनी खुर्च्या फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. सगळ्यांचे स्टिकर अजून छातीवरच होते. फूटपट्टीने त्या पाठींकडे एकवार नीट बघून घेतलं. दिवसभर स्वतःवर खर्च झालेली तिची तुच्छता आता योग्य जागी परतत होती, आणि त्याने तिला बरं वाटत होतं.

"झालं का आई मनासारखं?" भाऊजींनी सूप भुरकत विचारलं.

"मनासारखं नाही झालं," आई म्हणाली. "पण झालं. सव्वाचार मीटर."

भाऊजींनी कळल्यासारखी मान डोलावली. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. मग खिशातून माहितीपत्रक काढून त्यांनी ते टेबलावर पसरलं. "उद्या बावीस नंबर. धबधबा दर्शन. थोडं लांबून आहे, पण..."

"भिकार सहल असणार," फूटपट्टी म्हणाली. "खिडकी मला पाहिजे."