आईच्या डिस्कवर उरलेली जागा

भोंग्याचा आवाज जाणार होता. सर्दीने बसतो तसा नव्हे, कायमचा. परवा ऑपरेशन होतं. गळ्यातल्या गाठीबरोबर आवाजही काढावा लागेल, हे डॉक्टरांनी इतक्या गोड शब्दांत सांगितलं, की ताईला त्यांचं टेबल उलटं करावंसं वाटलं.

भोंगा हा तिचा धाकटा भाऊ. पाळण्यात असल्यापासून घर डोक्यावर घ्यायचा म्हणून आईने ठेवलेलं नाव त्याला असं चिकटलं, की पुढे पोटापाण्यालाही तेच लागलं. बस डेपोत गाड्यांच्या घोषणा करण्यात त्याची हयात गेली. आधी चमच्याने पेल्यावर तीन ठोके, मग तो आवाज. बाकावर पेंगणारी माणसं अर्धवट झोपेतच पिशव्या उचलून बरोबर आपापल्या गाडीत चढायची. आणि अशा माणसाला ताईने मोबाईलसमोर बसवलं, तर गडी "हॅलो, ऐकू येतंय का?" याच्या पुढे सरकेना!

"अरे, डेपो हलवणारा माणूस तू! बोल की चार शब्द."

"माईक नाही, लाल दिवा नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं. बाबांचं यंत्र लाव, मग बोलतो."

बाबांचं यंत्र म्हणजे मागच्या खोलीतला सीडी रेकॉर्डर. संगणकबिंगणक काही नको. माईक जोडा, डिस्क घाला, लाल दिवा लागला की बोला. ताई पडदे शिवायची, त्यातल्याच उरलेल्या कापडाची खोळ तिने त्याला घातली होती. बाबा सगळ्या घराला त्याच्यासमोर बसवायचे आणि बटणापाशी ताईला. "तुझा हात हलका आहे," म्हणायचे. त्यामुळे एकाही डिस्कवर ताईचा आवाज नव्हता. हे कधी कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

तिने खोळ काढली. दिवा लागला. जीव भांड्यात पडला. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने कोऱ्या डिस्कची चळत आणली. यंत्राने पहिली गिळली, जरा वेळ गुरगुरलं आणि परत बाहेर काढली. दुसरी घातली, तीही बाहेर. रुसलेल्या जावयासारखं त्याने एकेका डिस्कला नाक मुरडलं.

"या संगणकाच्या आहेत," भोंगा म्हणाला. "याला 'म्युझिक' छापलेलीच लागते. दुसऱ्या डिस्कची ओळखच दाखवत नाही हा शहाणा."

दुसऱ्या दिवशी ताई सकाळपासून दुकानं पालथी घालत फिरली. एकाने माळ्यावर चढून शोधलं, एकाने हसून घेतलं, एक म्हणाला, "आजी, संग्रहालयात विचारा." त्याला तिने असं काही सुनावलं, की तो गिऱ्हाईक सोडून आत गेला. पण डिस्क मिळाली नाही ती नाहीच.

दुपारी पाय ओढत परतताना तिने सहज वर पाहिलं. तिच्याच गॅलरीत दोरीला टांगलेल्या चंदेरी चकत्या वाऱ्यावर हळूहळू फिरत होत्या. उन्हाचे कवडसे समोरच्या भिंतीवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, एका झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून पाण्यातल्यासारखे सरकत होते. ताई रस्त्यातच उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. मग एकदम धावत सुटली.

वर जाऊन तिने एक चकती हातात धरली. विटलेल्या अक्षरांत 'म्युझिक'. बाबांच्या कपाटातल्या कोऱ्या डिस्क तिनेच कबुतरं हाकलायला टांगल्या होत्या! एकेक पुसून तिने यंत्रात घातली. इतक्या वर्षांच्या उन्हाने त्यांत काही उरलं नव्हतं. सगळ्या परत आल्या.

ताई खाली बसली आणि ढसाढसा रडली. "कबुतरांपायी तुझा आवाज घालवला रे मी."

"कबुतरं तरी गेली का?"

"कसली जातायत! दोरीवरच येऊन बसतात मेली."

भोंगा दुखऱ्या गळ्याने हसला. मग हळूच म्हणाला, "आईची डिस्क बाबांनी बंद केली नव्हती."

ताईला ते ठाऊक होतं. रेकॉर्डिंग झालं की बटण दाबून डिस्क बंद करायची, मग ती कुठेही वाजते, पण तिच्यात नवं काही भरता येत नाही. आई गेल्यावर तिची शेवटची डिस्क बंद करायला बाबांचा हातच धजावला नाही. ती फक्त याच यंत्रावर वाजायची.

"आईवर बोलणार तू?"

"आईवर नाही गं. आईनंतर."

यंत्राने ती डिस्क मुकाट्याने घेतली. आधी मटार सोलल्याचा आवाज आला, मग अर्धीमुर्धी गुणगुण, आणि मधेच आई म्हणाली, "भोंग्या, दार लाव रे, वारा येतोय."

भोंगा उठला आणि खरंच दार लावून आला.

लाल दिवा लागला. पेल्यावर तीन ठोके पडले. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. शाळेकडे जाणारी गाडी फलाटाला लागली आहे. भिजलेल्या दप्तरांना खिडकीजवळ जागा मिळेल. आईकडे जाणारी गाडी थोडी उशिरा सुटेल. प्रवाशांनी घाई करू नये." आवाज चिरकेपर्यंत तो गाड्या सोडत राहिला. ताईला रडू येत होतं आणि माईकमध्ये जाऊ नये म्हणून ती पदर तोंडात धरून बसली होती.

संपल्यावर तिने डिस्क बंद करायला बोट पुढे केलं. भोंग्याने तिचं मनगट धरलं.

"अरे, यंत्र बिघडलं तर तुम्ही दोघंही आतच राहाल!"

"असू दे. जागा उरलीय अजून."

ऑपरेशन झालं. भोंगा घरी आला, पाटीवर लिहून चहा मागू लागला. ताई दोघांच्या वाटचं बोलायची. एका दुपारी त्याने तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, माईकसमोर बसवलं आणि स्वतः तिच्या जागी, बटणापाशी बसला.

"मी? इश्श! मी काय बोलणार?"

लाल दिवा लागला. भोंग्याने पेल्यावर तीन ठोके दिले आणि तिच्याकडे बोट केलं. गॅलरीत पुन्हा टांगलेल्या चकत्यांचा एक कवडसा छतावरून सरकत गेला. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या ताईने उगाच पदराने माईक पुसला.

"हॅलो," ती म्हणाली, "ऐकू येतंय का?"

भोंग्याने मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

मग जागा संपेपर्यंत ताई बोलली. डिस्क त्यानेच बंद केली.