तीनशे पत्रिकांना कोंब

खोटं कशाला बोलू, पैज मीच लावली होती. आचऱ्यातल्या आमच्या छापखान्यात बाबलीकाका चाळीस वर्षं मशीन चालवतायत. माझे बाबा गेले, पण काका आहेत म्हणून छापखाना आहे. फक्त एक खोड. रोज संध्याकाळी रॉकेलनं रोलर धुवायचे आणि ते काळं रॉकेल मागच्या गटारात ओतायचं. गटार जातं विहिरीकडे. आमच्या विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसतो, आणि वीस वर्षं आम्ही प्यायचं पाणी शेजाऱ्यांकडून भरतोय. लाज वाटते हो!

म्हणून मी नवं यंत्र आणलं. शाई तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची, धुणं नाही, पुसणं नाही. पसंत नसेल तर महिन्याभरात परत द्यायची सोय होती. काकांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"ह्या खेळण्यार लग्नाची पत्रिका? गिऱ्हाईक तोंडार मारतला गो, सारिके!"

"मारलं तर यंत्र परत. नाही मारलं तर रॉकेल बंद. आहे कबूल?"

"आसा!"

आणि पहिलीच ऑर्डर कुणाची, तर राधाबाईंची! लेकीच्या, सृष्टीच्या लग्नाच्या तीनशे पत्रिका. बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघत विकणारीला घाम फोडणारी ही बाई. त्यात मी आणखी शहाणपणा केला. कागदच असा मागवला, की त्याच्या लगद्यात तांबड्या भाजीचं बी. लग्न झालं की पत्रिका मातीत पुरायची आणि भाजी खायची. राधाबाई खूश, मी तर हवेतच.

शुक्रवारी छापून झालं. सोमवारी सकाळी राधाबाई नवी साडी नेसून, हातात नारळ घेऊन हजर. पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवायची होती. मी ऐटीत खोकं उघडलं.

आई गं! प्रत्येक पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांतून कोंब बाहेर आलेले! मधे गणपती ठणठणीत कोरडा, आणि कडेला शेती. एक पत्रिका उचलली तर मुळ्यांना धरून आणखी दोन लटकत आल्या.

"सारिके, ह्या काय?" राधाबाईंचा आवाज चढला.

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्या छापखान्याची रीतच आहे, लग्नाची पत्रिका बाहेर पडण्याआधी काका स्वतः तिच्या कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावतात. त्यांचं भांडण यंत्राशी होतं, सृष्टीशी थोडंच! तिला कडेवर खेळवलंय त्यांनी. सढळ हातानं लावलं आणि ओल्याच गठ्ठ्यात बांधल्या. एप्रिलचा उकाडा, तीन दिवस बंद खोकं. बियांना आणखी काय हवं?

मेले! यंत्र परत जाणार, विहीर आहे तशीच राहणार. माझे डोळे भरून आले.

राधाबाईंनी पदर खोचला. आता माझी धडगत नव्हती. एवढ्यात काकांनी काय करावं? हात जोडले, डोळे मिटले आणि देवळातल्या खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं!

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राधाबाईंच्या तोंडून निघूनच गेलं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला हो म्हणायची जन्माची सवय, काय करणार बिचारी!

"ही चूक त्या यंत्राची नाय, ह्या म्हाताऱ्याच्या हाताची आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाहेरून रिक्षावाला निलेशही ओरडला.

"जसे हे कोंब इले, तसो आमच्या सृष्टीचो संसार वाढांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता मीसुद्धा.

राधाबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसत हसत सुटल्या. "मेल्या बाबल्या, देवाक मधी घातलंस! आता भांडू कोणाशी? चला, सुकायच्या आधी वाटूया. निलेशा, रिक्षा काढ!"

काय दिवस होता तो! मांडीवर ओल्या पत्रिका, हातात शिंपडायला तांब्या, अख्खं आचरा गाव पालथं घातलं. रात्रीपर्यंत राधाबाईंना फोन येत होते, "गो, पत्रिकेक पाणी किती घालूचा?" हसून हसून माझं पोट दुखलं.

पैज मी जिंकले. पण काकांच्या हातून रॉकेलचा डबा काही सुटेना. आज सोडतो, उद्या सोडतो, रोज नवं कारण. स्वतःच्या वाट्याची पत्रिका मात्र त्यांनी हौसेनं मागे, गटाराच्या कडेला लावली. सकाळ-संध्याकाळ पाणी. गावात सगळ्यांची भाजी बोटभर वर आली. काकांचे होते ते कोंबही काळे पडून आडवे झाले.

त्या संध्याकाळी काका आत आले आणि डबा माझ्या टेबलावर ठेवला.

"सृष्टीची पत्रिका मी मारलंय गो," म्हणाले. रडतच होते.

मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं नाक पुसलं आणि माझ्यावरच खेकसले, "बघतंस काय? त्या खेळण्याचा बटान खंय आसा, ता दाखव!"