निळ्या पट्ट्याची पेटी

शिवपुत्र अण्णाच्या गोडाऊनमध्ये दोन जातींच्या पेट्या आहेत. हा शब्द मी विचार करूनच वापरतेय.

एका जातीत चांगले पार. पार म्हणजे ऑर्केस्ट्राला, लग्नाला स्टेजवर रंग सोडतात ते एलईडी दिवे. प्रत्येकात लाल, हिरवे, निळे असे बारके दिवे असतात. बोर्डवरून हवा तो रंग काढायचा; तिन्ही एकत्र पेटवले की पांढरा. दुसऱ्या जातीच्या पेट्यांवर ऑइलपेंटचा निळा पट्टा मारलेला. त्यांतल्या पारचे लाल-हिरवे केव्हाच मेले, फक्त निळे जगलेत. खरं तर हा माल भंगारात जायचा. पण माझ्या आधीच्या मेकॅनिकनं डोकं चालवलं. जयंतीला निळंच लागतं ना, मग ठेवा हे बाजूला! तेव्हापासून एप्रिल आला की पट्ट्याच्या पेट्या आमच्या वस्त्यांमध्ये जातात, आणि अण्णा वर हात जोडून 'जय भीम' म्हणतो.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "अण्णा, आमच्या जयंतीला मेलेला माल का?"

"मेलेला कुटं हाय? निळा लागतोय, निळा जळतोय. लाल कोन बघतंय तितं?"

निळा खरोखर निळाच दिसायचा, आणि चीड त्याचीच होती.

मी त्याच्याकडे पार दुरुस्त करते आणि कार्यक्रमात बोर्ड चालवते. गोडाऊनला लागूनच टॉवेलचे माग आहेत. सुताचा धुरळा दिवसभर उडतो, पारच्या पंख्यात जाऊन बसतो. पंखा अडकतो, दिवा तापतो, आतली पट्टी जळते. पंखे उघडून ब्रशनं साफ करा, पट्ट्या बदला, काचा पुसा, हे माझं काम. गेल्या उन्हाळ्यात अण्णाचा अख्खा चांगला संच असाच बसला होता. माझी बहीण बुद्धप्रिया, तिचं लग्न ठरलेलं. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी येऊन संच उभा करते, पण लग्नाला तो मला पाहिजे.

"तुजंच काम, तुज्याच बहिनीचं लगीन," अण्णा म्हणाला. "घेऊन जा की."

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. आणि पांढऱ्या साडीला स्वतःचं काही नसतं. वरून जो रंग पडेल तो ती घेते. त्यातून बुद्धप्रिया सावळी. शाळेच्या गॅदरिंगला बाई तिला पावडर थापून मागच्या रांगेत उभी करायच्या, ते ती अजून विसरलेली नाही. म्हणून संच तयार झाल्यावर मी तिला साडी घेऊन गोडाऊनमध्ये बोलावलं. तिन्ही रंग पूर्ण सोडले तर पांढऱ्यात निळसर झाक येते आणि सावळा चेहरा मेल्यासारखा दिसतो. म्हणून निळा थोडा उतरवला, लाल थोडा चढवला, हिरवा सांभाळला. होता होता साडी ताज्या पिंजलेल्या कापसासारखी झाली, आणि तो पांढरा मी त्या संचाच्या बोर्डमध्ये भरून ठेवला. साडीच्या वर बुद्धप्रियाचा चेहरा उजळला नव्हता. सावळाच होता, पण काय सुरेख सावळा! मोबाइलमध्ये स्वतःला बघून तिनं पदर नीट केला आणि पुन्हा बघितलं.

"अक्का, मी अशी दिसते?"

"अशीच दिसतीस. लग्नात बी अशीच दिसशील," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या खात्रीनं दुसरं काही बोललेले नाही.

लग्न कुंभारीत, आमच्या घरांसमोरच्या मैदानात, संध्याकाळचं. नवरीची मोठी बहीण म्हणून दिवसभर मला पाहुण्यांनी सोडलं नाही. पेट्या उतरल्यावर साडीचा पदर खोचून बोर्डपाशी गेले, आणि समोर बघते तर प्रत्येक पेटीवर निळा पट्टा.

मी अण्णाला फोन लावला. "अण्णा, पेट्या चुकल्या."

"चुकल्या न्हाईत. चांगला संच अक्कलकोटला गेलाय. तितं पुढाऱ्याचा वाढदिवस हाय, त्यास्नी सगळे रंग लागत्यात. तुमच्यात काय, निळंच की!"

"माज्या बहिनीची साडी पांढरी हाय, अण्णा. तुमी शब्द दिलावता."

"मग? पांढऱ्यावर निळा लई खुलतोय. आन् बाबासाहेबांचा रंग हाय तो, संगू. त्याला नको म्हनतीस व्हय?"

आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोमागची भिंत माझ्या वडलांनी, अप्पांनी, स्वतःच्या हातानं निळी रंगवलीय. त्या रंगाखाली मी वाढले. तो रंग मला ह्या माणसानं शिकवायचा? आणि शिकवायचा कसला, बोळा करून माझ्या तोंडात कोंबला त्यानं. मी नको म्हणू शकले नाही. फोन बंद केला आणि पेट्या घेऊन आलेल्या पोरांना आहेत तेच पार टांगायला लावले.

बोर्डवर लाल चढवला, काही नाही. हिरवा चढवला, काही नाही. मी मरणाची चांगली कारागीर असेन, पण मेलेल्या पट्ट्या बोर्डवरून जिवंत होत नाहीत. शेवटी सगळे पार बंद केले. मांडववाल्याच्या दोन ट्यूब होत्या, त्यांच्यातच लग्न लावू म्हटलं. निदान साडी पांढरी राहील.

तेवढ्यात अप्पा धावत आले. "लाइट का बंद केलीस गं? मानसं बसल्यात, अण्णा सोता आलाय!"

"अप्पा, न्हाई चांगलं दिसत."

"लाव म्हनतो ना! आपला रंग हाय." मला बाजूला सारून त्यांनीच बोर्डची दांडी वर ढकलली. सारं मैदान निळं झालं आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या.

अप्पा जन्मभर हमाली करत आले. त्यांच्या दारात आजवर कोणी मालक जेवायला आला नव्हता. वंदना झाली, लग्न लागलं, आणि अप्पांनी अण्णाला स्टेजवर बोलावून शाल घातली. माइकवर म्हणाले, "आमच्या संगूच्या मालकांनी न सांगता बाबासाहेबांच्या रंगाची रोशनाई दिली." पुन्हा टाळ्या. अण्णानं हात जोडले. अप्पांनी त्याच्या खांद्यावरची शाल पुन्हा नीट केली. त्या क्षणी मला अण्णापेक्षा अप्पांचाच जास्त राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली.

बुद्धप्रिया निळ्या साडीत उभी होती. चेहरा राखेच्या रंगाचा. तिनं एकदाच बोर्डकडे, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बायका म्हणाल्या, नवरी लाजाळू आहे.

चार दिवसांनी अक्कलकोटहून चांगला संच परत आला. अण्णानं खुशीत मोबाइल माझ्यापुढे धरला. पुढारी केक कापतोय. अंगात पांढरा कुडता, त्यावर पांढरा प्रकाश, निळा थोडा उतरवलेला, लाल थोडा चढवलेला. मी त्या संचाच्या बोर्डमध्ये भरून ठेवलेला बुद्धप्रियाचा पांढरा.

"बघ तुजं काम. कसा उठून दिसतोय मानूस!" अण्णा म्हणाला.

मी काही बोलायच्या आत माझा फोन वाजला. बुद्धप्रिया होती.

"अक्का, लग्नाचे फोटो आले. लग्नाला न आलेल्या आत्तेसासूबाई विचारत होत्या, साडी पांढरी ठरलीवती, निळी कशी काय घेतली?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हनलं, दुकानात निळीच आवडली. तुजं नाव कशाला घेऊ?"

तिनं फोन ठेवला. मी थिनरची बाटली आणि फडकं घेतलं, पेट्यांपाशी बसले आणि पहिल्या पेटीवरचा निळा पट्टा घासायला लागले. पेंट जुना होता, पण सुटत होता. दुसरी झाली, तिसरी झाली.

अण्णा मागून ओरडला, "अगं ए, काय करतीस? चांगल्या कुटल्या आन् मेलेल्या कुटल्या, वळकायच्या कशा मग?"

"पेटवून बघा," मी म्हटलं, आणि चौथी पेटी पुढे ओढली.