मावशीची ओळ

रुग्णालयाच्या धुलाईघरात भिंतीवर एक पांढरा फळा होता. कोणाची उद्या सकाळची पाळी, कोणाची दुपारची, ते त्यावर रोज लिहिलेलं असे. मावशी बावीस वर्षं तो फळा वाचत आली होती. येत्या सोमवारी तो उतरणार होता आणि पाळ्या पोर्टलवर, म्हणजे सगळ्या रुग्णालयासाठी घेतलेल्या नव्या संगणकी व्यवस्थेत, दिसणार होत्या.

मावशीने ते एकदा पाहिलं. बारा रकाने, साठ नावं, अक्षर मुंगीएवढं. घरी आल्यावर चपला काढता काढताच ती भाचीला म्हणाली, "रोज उठून कोणाला तरी 'जरा माझं वाच गं' म्हणायचं? त्यापेक्षा मी कामच सोडते."

आणि भाची तर त्याच रुग्णालयाच्या संगणक विभागात, तेच पोर्टल उभं करणाऱ्यांत! एका जागी म्हणून टिकायची नाही, त्यामुळे घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. ती म्हणाली, "थांब गं मावशी, मी करते ना काहीतरी!"

पोर्टल विकणाऱ्या कंपनीने तयार चौकटी दिल्या होत्या: एक रजेची, एक सूचनांची, एक पाळ्यांची. त्या आपल्या सोयीने बदलायला तीन हत्यारं होती. एक साधं सेटिंगचं पान, हव्या त्या खुणा करायच्या की झालं. दुसरं जोडणीचं, त्यात मूळ चौकटीला धक्का न लावता तिला आपलं काही जोडता येई. आणि तिसऱ्याने थेट कंपनीचा कोड उघडून चौकटच बदलता येई. भिंगरीने अर्थातच तिसरं उचललं. नवी कोरी कुऱ्हाड हाती आल्यावर सुई कोण शोधत बसतो?

तीन दिवस ती खपली. रंग आले, फोटो आले, कोपऱ्यात एक टिकटिकणारं घड्याळसुद्धा आलं. मग तिने विभागप्रमुखांना बोलावलं. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते उत्तर कधी देत नसत, पुढचा प्रश्न विचारत.

"झकास," मास्तर म्हणाले. "मूळ चौकटीतच केलंस का?"

"हो. मग कुठे करणार?"

"सरावाच्या प्रतीवर कंपनीचा या महिन्याचा अपडेट चढव. मी चहा आणतो."

ते दोन कप घेऊन परतले तेव्हा भिंगरी तेच पान पुन्हापुन्हा उघडत होती. समोर बारा रकाने, साठ नावं आणि मुंग्यांची रांग. अपडेटने जुन्या चौकटीच्या जागी कंपनीची नवी चौकट आणून ठेवली होती. तीन दिवस पाण्यात.

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर मान डोलावली असतीस. आता जन्मात विसरशील?" त्यांनी कप पुढे सरकवला. "रडायचं तर चहा पिऊन रड, गार होतोय. ही सरावाची प्रत आहे, खऱ्या पोर्टलला काही झालेलं नाही. शुक्रवारची दुपार आहे, वेळ आहे. मला सांग, मावशी फळ्यावर काय बघते?"

"पाळ्या."

"तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. एका छपराखाली राहून तीन दिवसांत एकदाही नाही.

धुलाईघरात वाफ कोंदली होती. मावशी आणि तिची जोडीदारीण चादरीची दोन टोकं धरून घड्या घालत होत्या.

"मावशी, फळा कसा वाचतेस ते दाखव ना."

मावशीने अकराव्या ओळीवर, आपल्या नावावर, बोट ठेवलं. ते उद्याच्या रकान्यापर्यंत सरकवलं. "सकाळ. झालं."

"आणि बाकीची नावं?"

"मला काय करायचीत? हां, हिचं तेवढं बघते." मावशीने जोडीदारणीकडे हनुवटी वळवली. "चादरीला दोघी लागतात. एकटीने घडी घातली की तिचं बोचकं होतं."

भिंगरी परत आली आणि सेटिंगचं पान तिने पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. फक्त स्वतःची ओळ, फक्त उद्याचा दिवस, अक्षर सगळ्यांत मोठं. तीन खुणा, नऊ मिनिटं.

"काखेत कळसा..." मास्तर म्हणू लागले.

"पुढे बोलू नका!"

राहिली जोडीदारीण. तिच्यासाठी सेटिंगमध्ये काही सोय नव्हती. भिंगरीचा हात सवयीने कुऱ्हाडीकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने दुसरं हत्यार उघडलं आणि चौकटीच्या खाली एकच ओळ जोडली: सोबत कोण. मग मास्तरांनी सांगायच्या आधीच सरावाच्या प्रतीवर अपडेट पुन्हा चढवला.

मोठं अक्षर जागेवर होतं. खालची ओळही होती.

"का राहिलं?" मास्तरांनी विचारलं.

"कंपनी आपली चौकट बदलते. आपल्या खुणा आणि आपली जोडणी वेगळ्या राहतात, त्यांना ती हात लावत नाही."

मास्तरांना पुढचा प्रश्न सुचला नाही. त्यांनी कप उचलले आणि स्वतःच विसळायला नेले.

सोमवारी फळा उतरला. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन उरला होता, आणि शेजारी नवा स्क्रीन. मावशीने आपलं कार्ड लावलं, मान मागे घेतली आणि साऱ्या धुलाईघराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "उद्या सकाळ!" मग खालचं जोडीदारणीचं नावही, तसंच खणखणीत.

"एवढंसं करायला आठवडा लागला होय गं?"

"तीन दिवस कुऱ्हाड चालवली, मावशी. मग तुला विचारलं."

"घरातच होते की मी."

"बरं, काम सोडतेयस ना?"

"कोण म्हणालं?" मावशीने ढिगातली चादर ओढली आणि एक टोक भाचीच्या हातात दिलं. "धर नीट. माझी जोडीदारीण आज उशिरा येणार आहे."