गजर का वाजत नव्हता

पत्रा कापायच्या आमच्या मशीनची आडवी तुळई दोन रुळांवरून दोन मोटरी ओढतात, एक उजवीकडून, एक डावीकडून. उजवी जाईल तसं डावीनं जायचं. जरा मागेपुढे झालं की कंट्रोलर गजर करून सगळं थांबवतो. गजर असा कर्कश, की मेलेला उठून बसावा.

आमच्याकडे मेलेलं कुणी नव्हतं, पण भिंतीपलीकडे हे पडून होते. पाठीचं ऑपरेशन, उठायला मनाई. आणि गजर झाला की हे उठणार.

हल्ली गजर होत नव्हता. मशीनला आमची दया आली असेल, असं मी समजले. पण दुपारी रद्दी पत्र्याला चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर भोकं पाडून कर्ण मोजले, तर एक लांब, एक आखूड. चौकोन कसला, कललेली खाट! आणि गिऱ्हाईकाची एकुलती एक जाड प्लेट चढवायची वाट बघत होती.

"भाऊजी, स्क्रीनवर काय केलंत?" मी दिरांना विचारलं.

"काही नाही, वहिनी."

"काही नाही म्हणजे किती?"

ते भिंतीकडे बघत राहिले. "दोन बाजूंत किती फरक चालेल, तो आकडा वाढवला थोडा. गजर झाला की दादा धडपडत येतो. मागं एकदा दारापर्यंत आला होता, घामाघूम."

रागवायला अंगात बळ लागतं. माझं सकाळीच संपलं होतं.

मोटरींची वीज तोडली. तुळई हातानं ढकलून दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांना नीट टेकवली, दोन्ही बाजूंच्या मोजणीचं शून्य तिथंच पक्कं केलं, फरकाचा आकडा पूर्वी होता तसा केला.

"आता वाजेल," दीर म्हणाले.

"वाजू दे. मी सांगून येते."

हे छताकडे बघत जागेच होते. "अहो, गजर होईल. उठायचं नाही."

"डावीकडून घरघर येतेय. किती दिवस ऐकतोय. तुम्ही दोघं बहिरे आहात का?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की म्हणणार, पडून राहा."

तेही खरंच.

मशीन सुरू केलं. गजर झाला. पलीकडे खाट करकरली. "पडा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"पडलोय! डाव्या रुळाचं झाकण काढा आधी!"

झाकणाखाली लोखंडाचा चुरा घट्ट बसलेला, तेलाची नळी तुंबून कोरडी. दिरांनी चुरा खरवडला, मी नळी मोकळी केली. पुन्हा चालवलं, पुन्हा भोकं, पुन्हा कर्ण. आता दोन्ही सारखे.

"घरघर येत नाही. का थांबलात रे?" आतून आवाज.

"थांबलो नाही, दादा. चालू आहे."

"मग गजर का वाजत नाही?"

"दुरुस्त झालं म्हणून!"

"तेच म्हणाल तुम्ही."

दीर माझ्याकडे बघायला लागले. माणसाचा विश्वास एकदा उडाला की नुसत्या शांततेनं परत येत नाही. मी फरकाचा आकडा मुद्दाम शून्याला नेऊन ठेवला, म्हणजे केसभर फरकही चालू नये, आणि तुळई हलवली. गजर झाला. खाट करकरली नाही.

"हं," एवढंच आलं पलीकडून. थोड्या वेळानं घोरणं.

मी आकडा जागेवर आणला. "भाऊजी, तुमचं टोक धरा," म्हटलं, आणि आम्ही प्लेट चढवली.