एकाच नावाची दोन कार्डं

मालतीबाई मांडवात पाटावर बसल्या, पदर सावरला, आणि तिकडे रंजिताने रेकॉर्डिंग चालू केलं.

सोमवारी मालतीबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर सरळ बोललेला, बोलता येईल, गाणं विसरा. जुईनगर स्टेशनच्या मागच्या त्या गावठाणात अख्खा धवला, लग्नात देवांना बोलावणारं लांबलचक गाणं, पाठ असलेली ही एकच धवलारीण उरलेली. आणि तिचा नेम कडक. लग्नाचा मांडव असल्याशिवाय धवला गायचा नाही, आणि एकदा तोंडातून निघाला की कोणासाठी थांबायचं नाही. म्हणजे आज जे रेकॉर्ड होईल तेच.

रंजिता सतरा वर्षांची. नववीत बाईंशी भांडली आणि शाळेत परत गेली नाही. पण तिच्याकडे पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर होता, रास्पबेरी पाय, आणि तो तिचं ऐकायचा. त्याला दोन यूएसबी साउंड कार्डं लावलेली. एकात मालतीबाईंचा माइक, दुसऱ्यात मिथुनकाकाचा. मिथुनकाका बाहेर गेटजवळ उभा राहून पाव्हण्यांची नावं पुकारत होता. मशीन जुनं, दोन्ही एकदम रेकॉर्ड करायला घेतलं की अडखळायचं. म्हणून एका वेळी एकच घ्यायचं, आणि कुठलं कार्ड कोणाचं हे ओळखायला तिने स्वतः एक प्रोग्राम लिहिलेला. नाव ठेवलेलं ‘वलख’, म्हणजे ओळख. फोनवर उघडला की दाखवायचा: एक नंबर, मालतीआजी. दोन नंबर, मिथुनकाका.

मालतीबाईंनी पहिली ओळ उचलली. मागच्या बायकांनी झेलली. फोनवर आवाज दाखवणारी हिरवी पट्टी उड्या मारायला लागली.

आणि खटकन बंद.

रंजिताने मान वळवली तर हितेश, नवरदेवाचा चुलतभाऊ, एका हातात तिचा प्लग, दुसऱ्या हातात मिक्सरची वायर.

“काय केलास रे तू!”

“काकीला वाटन करायचाय. दोन मिनटां.”

“तुझ्या वाटनाच्या...!”

तिने प्लग हिसकावून परत खुपसला. मशीन उठायला मिनिटभर लागलं. इकडे मालतीबाई गावदेवीला बोलावत होत्या, मग खाडीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. त्या थांबणार नव्हत्या. शेवटी तिने एक नंबरवर रेकॉर्डिंग चालू केलं, एकदाची हिरवी पट्टी हलली. रंजिताने श्वास सोडला आणि सरळ गेली हितेशच्या मागे, मिक्सरसकट त्याला मांडवाबाहेर काढायला. भांडण तसं रंगलं. पाच मिनिटं सहज गेली.

ती परत आली तेव्हा मिथुनकाका पाणी पीत होता, मालतीबाई गात होत्या, आणि पट्टी झोपलेली. मिथुनकाकाने ग्लास ठेवून घसा खाकरला. पट्टी उडाली.

इतका वेळ ती मिथुनकाकालाच रेकॉर्ड करत होती.

तिने ‘वलख’ उघडला. एक नंबर, मालतीआजी. तेच, ठामपणे. तेव्हा तिला कळलं. दोन्ही कार्डं एकाच दुकानातली, एकाच कंपनीची, दोन्हींचं नाव सेम. तिच्या प्रोग्रामने फक्त नंबर लक्षात ठेवलेला, आणि मशीन बंद पडून उठलं तसे नंबर फिरले. कार्ड कुठल्या भोकात बसलंय ते बघायला हवं होतं. तेवढंच लिहायचं तिने उद्यावर टाकलेलं.

तिने दोन नंबर निवडला, रेकॉर्डिंग नव्याने चालू केलं. पट्टी हलली. पण मघाशी पण हललेलीच. आता ही कोणाची? मालतीबाईंच्या माइकला हात लावायची सोय नव्हती. ती गेटकडे धावली.

“काका, गप बस जरा.”

“अगो, घनसोलीचं पाव्हनं आलंत! नाव नाय घेतला तं जेवायचं नाय कोनी.”

“एक मिनिट!”

“तुला काय अक्कल हाय का? मानाची मानसां...”

तिने माइक त्याच्या हातातून ओढला आणि बटण बंद केलं. घनसोलीचे तीन म्हातारे टोप्या सावरत बघत राहिले. मिथुनकाकाचा चेहरा लाल. रंजिता फोनकडे बघत होती. आत मालतीबाईंची ओळ सुटली, पट्टी वर. ओळ संपली, पट्टी खाली. परत वर.

“घे,” ती म्हणाली. “पुकार आता.”

धवला संपला तेव्हा मालतीबाईंचा आवाज खरवडल्यासारखा झालेला. बायका जेवायला गेल्या. मालतीबाईंनी बोटाने तिला बोलावलं.

“झाला का गो?”

खोटं बोलायचं तिने ठरवलेलं. जमलं नाही.

“मागचा सगला आला. पयला भाग गेला. देवांचा. माझी चूक हाय, आजी.”

मालतीबाईंनी मांडवाच्या खांबांकडे बघितलं. अजून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पहिली ओळ उचलली. अर्ध्यातच आवाज तुटला. परत उचलली, परत तुटली.

“तू बोल,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

“मी? मला गाता नाय येत.”

“मला तरी आता कुठं येतं? मी सांगते, तू उचल. मांडव सोडायला मानसां येतील.”

रंजिताने माइक आपल्याकडे ओढला. तिला भयंकर राग आला, हितेशचा, कार्डांचा, स्वतःचा. सांगायच्या आधीच तिने ओळ उचलली, खाडीची, त्याच रागात, बेसूर. पट्टी वर गेली.

मालतीबाईंनी तिच्या गुडघ्यावर चापट मारली. “खाडीच्या आधी गावदेवी. परत.”